वेगाची बेरीज, धोक्याचीही बेरीज

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत लग्नांचे आणि सार्वजनिक कार्यक्रमांचे शूटिंग करणारा एक तरुण एडिटिंगही घरच्याच कॉम्प्युटरवर करतो. त्याची मावशी तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवते. दोन एसएसडी एकत्र जोडून वेग दुप्पट करायचा बेत त्याने मावशीपुढे मांडला, तेव्हा रंगलेला हा संवाद. घरी कॉम्प्युटर जोडणाऱ्या कुणालाही तो उपयोगी पडावा.

भाचा : मावशी, लग्नसराई तोंडावर आली. माझ्या पीसीत आणखी एक एसएसडी टाकून दोन्हींची मिळून ‘रेड-०’ करावी म्हणतो. वेग दुप्पट होतो म्हणतात. खरं का?

मावशी : काही कामांत खरं, बऱ्याच कामांत नाही. आधी हे होतं कसं ते बघू. वावरात कापूस वेचायला दोघी लागल्या की एक जण एका ओळीला लागते, दुसरी शेजारच्या ओळीला. ओळी एकाआड एक वाटल्या गेल्या की वावर निम्म्या वेळात उरकतं. रेड-० मध्ये फाइलचं तेच होतं. फाइलचे ठरावीक मापाचे तुकडे पाडले जातात. पहिला पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसऱ्या, तिसरा पुन्हा पहिल्या. यालाच स्ट्रायपिंग म्हणतात. कॉम्प्युटरला मात्र दोन डिस्क दिसत नाहीत, एकच मोठी दिसते.

भाचा : तुकडे केवढे असतात?

मावशी : ते आपण ठरवायचं. ६४ केबी, १२८ केबी ही घरगुती कामातली नेहमीची मापं. ८ एमबीचा एक फोटो घे. १२८ केबीचं माप धरलं तर त्याचे ६४ तुकडे होतील, ३२ एका डिस्कवर आणि ३२ दुसरीवर. फोटो उघडताना दोन्ही डिस्क एकाच वेळी आपापले तुकडे देतात, म्हणून वेळ वाचतो. पण फाइलच जर २० केबीची असेल, तर ती एका तुकड्यात मावते, एकाच डिस्कवर बसते. तिथे दुसरी डिस्क रिकामीच.

भाचा : म्हणजे मोठ्या फाइलींना फायदा, बारक्यांना नाही.

मावशी : बरोबर पकडलंस. आता दुसरी बाजू. त्या फोटोचे ३२ तुकडे ज्या डिस्कवर आहेत ती बंद पडली तर?

भाचा : अर्धा फोटो राहील.

मावशी : नाही. फोटो उरणारच नाही. एकाआड एक तुकडा गायब असलेली फाइल उघडत नाही. आणि हे एका फोटोचं नाही, त्या जोडीवर ठेवलेल्या जवळजवळ प्रत्येक फाइलचं होतं. दोनपैकी एक डिस्क धडधाकट असूनही तिच्यावरचं काही हाती लागत नाही.

भाचा : मग ही कल्पना काढली तरी कुणी?

मावशी : डिस्कवर डेटा असा वाटून ठेवण्यावर केनेथ सेलम आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी १९८६ मध्ये शोधनिबंध लिहिला होता. पण ‘रेड’ हे नाव रुजलं ते १९८८ पासून. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी त्या वर्षी एक निबंध मांडला. त्या काळी आयबीएमची ३३८० ही भली मोठी आणि महागडी डिस्क साडेसात हजार एमबीची होती. पीसीत बसणारी छोटी, स्वस्त डिस्क १०० एमबीची. त्यांचा प्रश्न असा होता, की एका अजस्र डिस्कऐवजी अशा छोट्या डिस्कांचा ताफाच का जोडू नये? स्वस्त पडेल, आणि सगळ्या मिळून वेगही जास्त देतील.

भाचा : माझाच विचार की हा!

मावशी : पुढचं ऐक. त्याच निबंधात त्यांनी हिशेब केला होता. एक छोटी डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असं धरलं, तर अशा १०० डिस्कांच्या ताफ्यात पहिला बिघाड व्हायला सरासरी किती वेळ लागेल? ३०,००० भागिले १००, म्हणजे ३०० तास. दोन आठवडेसुद्धा नाहीत. म्हणून तो सगळा निबंध खरं तर बिघाड झाला तरी डेटा कसा वाचवायचा यावर आहे. त्यात १ ते ५ असे पाच प्रकार दिले होते, आणि प्रत्येकात काही ना काही जादा माहिती साठवून ठेवायची सोय होती. तुला हवा असलेला शून्य क्रमांकाचा प्रकार त्या पाचांत नव्हताच. तो पुढे रूढ झाला. त्यात फक्त वाटणी आहे, सांभाळ नाही.

भाचा : आपल्याकडे असं कुणी केलं होतं का? लहान लहान जोडून मोठं?

मावशी : केलं ना, डिस्कचं नाही, प्रोसेसरचं. १९८८ मध्येच पुण्यात सी-डॅक सुरू झाली. अमेरिकेकडून हवा तो सुपरकॉम्प्युटर मिळेना. तेव्हा आपल्या विदर्भातल्या, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली तिथल्या मंडळींनी अनेक छोटे प्रोसेसर समांतर जोडून १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. काम वाटून घेतलं की साध्या भागांतूनही मोठी ताकद उभी राहते, हा विचार खराच आहे. मात्र भाग वाढले की बिघडण्याच्या जागाही वाढतात, आणि त्यांची तजवीज आधी करावी लागते. तुझ्या दोन एसएसडींनाही तोच नियम.

भाचा : बरं, वेगाचे आकडे सांग. नेमका फरक किती पडेल?

मावशी : मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला दीडशे ते दोनशे एमबी देते. साटा केबलवर चालणारी एसएसडी साधारण ५५० एमबी. त्यापुढे ती जात नाही, कारण साटाची वाटच ६०० एमबीला संपते. अशा दोन एसएसडी रेड-० मध्ये जोडल्या, तर सलग वाचनाला हजाराच्या आसपास आकडा दिसतो. पण मदरबोर्डवर एम.२ खाच असेल आणि तीत एनव्हीएमई एसएसडी बसत असेल, तर पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीतली एकटी डिस्क साडेतीन हजारांपर्यंत देते, चौथ्या पिढीतली सात हजारांपर्यंत. म्हणजे साटाच्या दोन डिस्क जोडून जे मिळवायचं, त्याच्या कितीतरी पुढे एकच डिस्क जाते.

भाचा : बाप्पा! मग विंडोज सुरू व्हायला लागणारा वेळ तरी निम्मा होईल ना, रेड-० केल्यावर?

मावशी : तेही नाही. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली इकडून तिकडून वाचल्या जातात. तिथे प्रश्न सेकंदाला किती एमबी याचा नसतो, एक मागणी केल्यावर उत्तर किती लवकर येतं याचा असतो. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरून योग्य जागा येईपर्यंतच सरासरी चार मिलिसेकंद जातात, डोकं सरकायला लागतात ते वेगळे. एसएसडीत फिरणारं काहीच नसल्यामुळे तेच उत्तर मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी वेळात येतं. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आलास तेव्हा पीसी उडाल्यासारखा वाटला, तो यामुळे. दुसरी एसएसडी जोडली म्हणून पहिलीचं उत्तर लवकर येत नाही. उलट बायोसमधून रेड केली, तर सुरुवातीला तिची ओळख पटवण्यात एखाद-दोन सेकंद जास्तच जातात.

आणखी एक सांगते. एसएसडीच्या आत स्ट्रायपिंग आधीपासूनच चालू असतं. आतला कंट्रोलर चार किंवा आठ वाटांनी अनेक फ्लॅश चिपांशी एकाच वेळी बोलतो आणि डेटा त्यांच्यावर वाटून टाकतो. त्यामुळेच एकाच मॉडेलची मोठ्या क्षमतेची डिस्क लिहायला बहुधा जास्त वेगवान असते. आत वाटून घ्यायला जास्त चिपा असतात. म्हणून ५०० जीबीच्या दोन घेण्याऐवजी १ टीबीची एक चांगली एनव्हीएमई घेणं बहुतेक घरांत जास्त शहाणपणाचं.

भाचा : पण माझं काम तर मोठ्या फाइलींचंच आहे. लग्नात चार कॅमेरे असतात, सगळे ४के.

मावशी : मग तुझ्याच कामाचा हिशेब करू. तुझा कॅमेरा ४के कोणत्या वेगाने लिहितो?

भाचा : सेकंदाला १०० मेगाबिट.

मावशी : आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे साडेबारा एमबी. चार कॅमेरे एकदम टाइमलाइनवर चालवलेस तरी ५० एमबी. तुझी आताची साटा एसएसडी याच्या दहापट देऊ शकते.

भाचा : मग प्लेबॅक अडकतो कशाने?

मावशी : बहुधा डिस्कमुळे नाही. कॅमेऱ्याने व्हिडिओ फार दाबून भरलेला असतो, आणि तो दर फ्रेमला उलगडण्याचं काम प्रोसेसरला किंवा ग्राफिक्स कार्डाला करावं लागतं. टास्क मॅनेजर उघडून ठेव आणि टाइमलाइन चालव. डिस्क पाच-दहा टक्क्यांवर आणि प्रोसेसर शंभरावर दिसला, तर रेड-० वर घातलेला पैसा वाया जाईल. प्रॉक्सी फाइली, म्हणजे कमी रिझोल्यूशनच्या हलक्या प्रती, बनवून एडिट केलंस, तर एक रुपयाही न घालता फरक दिसेल. कार्डावरून फूटेज उतरवण्याचंही तसंच. यूएचएस-१ कार्डाची कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी आहे. प्रत्यक्षात ९० मिळाले तर २०० जीबी उतरायला ३७ मिनिटं लागणार. पलीकडे एक डिस्क असो की चार, कार्ड तेवढंच देणार.

भाचा : मग रेड-० कामाला येते तरी कुठे?

मावशी : येते, आणि तिथे मनापासून वापरावी. न दाबलेला ४के व्हिडिओ घे. ३८४० गुणिले २१६० म्हणजे जवळजवळ ८३ लाख ठिपके. दर ठिपक्याला चार बाइट धरले तर एक फ्रेम ३३ एमबीची. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सुमारे ८३० एमबी. सिनेमाचं रंगकाम करणाऱ्यांना असला डेटा न अडखळता चालवावा लागतो. इथे साटाची एक एसएसडी कमी पडते, दोन जोडल्या तर पुरतात. दुसरी जागा म्हणजे एडिटिंग सॉफ्टवेअरची कॅशे आणि तात्पुरत्या रेंडर फाइली. त्या मोठ्या असतात, सारख्या लिहिल्या-पुसल्या जातात, आणि उडाल्या तरी पुन्हा बनतात. तिसरी जागा, घरात सारख्याच क्षमतेच्या दोन साटा एसएसडी आधीच पडून आहेत आणि जुन्या मदरबोर्डला एम.२ ची सोयच नाही. तेव्हा नवा खर्च न करता रेड-० करणं चांगला तोडगा आहे.

भाचा : आणि दोन एनव्हीएमई जोडल्या तर सात हजार?

मावशी : मदरबोर्डच्या माहितीपुस्तिकेवर अवलंबून. काही एम.२ खाचा थेट प्रोसेसरला जोडलेल्या असतात, काही चिपसेटमार्फत. चिपसेट आणि प्रोसेसर यांच्यातली वाट सगळ्यांना सामाईक असते. इंटेलच्या २०१५ ते २०२० या काळातल्या बहुतेक घरगुती बोर्डांवर ती वाट सेकंदाला ४ जीबीच्या आतच संपते. तिच्यामागे साडेतीन हजारांच्या दोन डिस्क लावल्या तरी बाहेर चार हजारांच्या आतच येणार. शिवाय पुष्कळ बोर्डांवर दुसरी एम.२ खाच वापरली की एक-दोन साटा पोर्ट बंद होतात. नागपूरहून डिस्क मागवण्याआधी पुस्तिकेतलं ते पान वाच.

भाचा : धोका नेमका किती वाढतो?

मावशी : उदाहरणादाखल धर, की एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता शंभरात दोन. दोनांची रेड-० असेल तर दोन्ही टिकण्याची शक्यता ०.९८ गुणिले ०.९८, म्हणजे बिघाडाची शक्यता जवळजवळ शंभरात चार. चार डिस्क असतील तर पावणेआठ. दुसरं म्हणजे एसएसडीचा कंट्रोलर गेला की ती बहुतेकदा आधी इशारा न देताच जाते. हार्ड डिस्कसारखी खरखर करत नाही. म्हणून आता सांग, तुझ्या डिस्कवर असं काय आहे जे पुन्हा मिळणार नाही?

भाचा : १६ ऑगस्टच्या कार्यक्रमांचं फूटेज आहे. आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती आहेत, ‘चले जाव’ चळवळीतली १६ ऑगस्ट १९४२ ची नागपंचमी ज्यांनी लहानपणी पाहिली त्यांच्या. मोर्चा पोलिस ठाण्यावर कसा गेला, गोळीबार कसा झाला, हे त्यांच्या तोंडून ऐकलेलं. त्यातले काही जण आता नाहीत.

मावशी : मग ते फूटेज एक दिवससुद्धा रेड-० वर एकटं राहता कामा नये. लग्नाचा रेंडर उडाला तर रात्रभर जागून पुन्हा होईल. आष्टीतल्या माणसांच्या त्या आठवणी पुन्हा कोण सांगणार? डिस्कची आखणी करताना पहिला प्रश्न हाच विचारायचा, की हे गेलं तर परत बनवता येईल का? येत असेल तर वेगवान जागेवर ठेव. येत नसेल तर आधी सुरक्षित जागी ठेव, आणि मगच कामापुरती प्रत वेगवान जागेवर आण.

भाचा : समजलं. तरी कॅशेसाठी दोन साटा एसएसडींची रेड-० करायचीच ठरली, तर कशी करू?

मावशी : तीन वाटा आहेत. सगळ्यांत सोपी विंडोजमधली. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘स्टोरेज स्पेसेस’ उघड, नवा पूल बनव, दोन्ही डिस्क निवड, आणि सुरक्षेचा प्रकार विचारेल तिथे ‘सिंपल’ घे. विंडोज ८ पासून ही सोय आहे. असा पूल उचलून दुसऱ्या विंडोज पीसीत लावला तरी ओळखला जातो. यावर विंडोज स्वतः बसवता येत नाही, पण तुला ते नकोच आहे. विंडोज वेगळ्या डिस्कवर, कॅशे या जोडीवर.

दुसरी वाट बायोसची. तिथे डिस्कचं सेटिंग एएचसीआय वरून रेड वर न्यायचं आणि जोडी बनवायची. इथे दोन खबरदाऱ्या घे. आधीच बसवलेलं विंडोज हे सेटिंग बदलल्यावर बहुधा सुरूच होत नाही, म्हणून हे नव्याने विंडोज टाकतानाच करावं. आणि इंटेलच्या बोर्डावर केलेली जोडी एएमडीच्या बोर्डावर नेली तर तिथलं बायोस ती ओळखत नाही. मदरबोर्ड जळाला तर पंचाईत.

तिसरी वाट लिनक्सची. तिथे ‘एमडीएडीएम’ नावाचं साधन आहे. त्याने केलेली जोडी कोणत्याही लिनक्स यंत्रावर उघडते.

वाट कुठलीही घे, जोडी बनवताना दोन्ही डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. डिस्क शक्यतो एकाच मॉडेलच्या आणि एकाच क्षमतेच्या घे. नाहीतर जोडीचा वेग हळू डिस्कवर ठरतो. सगळी जागा भरूही नकोस, पाचवा हिस्सा मोकळा ठेव, म्हणजे लिहिण्याचा वेग टिकून राहतो.

भाचा : ट्रिमचं काय? रेड-० मध्ये ते चालत नाही असं ऐकलंय.

मावशी : जुनी गोष्ट झाली. फाइल पुसली की ती जागा रिकामी झाल्याचं एसएसडीला कळवण्याची आज्ञा म्हणजे ट्रिम. ती पोचली नाही तर डिस्क हळूहळू मंद होते. पूर्वी ती रेडच्या पलीकडे पोचत नव्हती. २०१२ मध्ये इंटेलच्या रेड ड्रायव्हरमध्ये आणि लिनक्सच्या कर्नलमध्येही ती सोय आली. आता फक्त ड्रायव्हर ताजा ठेव.

भाचा : आपल्याकडे लाइन जाते आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या वर ऊन असतं. त्याने काही होतं का?

मावशी : दोन्हींचा विचार हवाच. लिहिता लिहिता लाइन गेली, तर तुकडे एका डिस्कवर पोचलेले आणि दुसरीवर राहिलेले असं होऊ शकतं. म्हणून चालू स्थितीतला यूपीएस ठेव. तासभर काम चालवायला नको. फाइल जतन करून पीसी नीट बंद होईपर्यंत पुरला म्हणजे झालं. उष्णतेचं म्हणशील तर घरगुती एसएसडींना साधारण ७० अंशांपर्यंत चालण्याची मुभा असते. खोलीच चाळीसवर गेली, की मोठा रेंडर चालू असताना एनव्हीएमई त्या मर्यादेजवळ पोचते आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करते. तिच्यावर धातूचा हीटसिंक लाव, कॅबिनेटची धूळ काढत जा, आणि कूलरचा ओला झोत थेट पीसीवर घेऊ नकोस. मुलाखतींची एसएसडी वर्षानुवर्षं बंद कपाटात ठेवून देऊ नकोस. वीज नसताना एसएसडीतला डेटा कायम टिकत नाही. घरगुती डिस्कसाठी ठरलेलं मानक आयुष्य वापरून झालेल्या डिस्ककडून ३० अंशांत एक वर्षाचीच अपेक्षा धरतं, आणि उष्णता वाढली की तो काळ आणखी घटतो. लांबच्या साठवणीला हार्ड डिस्कच बरी.

भाचा : मग दोन डिस्कची रेड-१ करून मुलाखती त्यावर ठेवल्या तर बॅकअप झाला ना?

मावशी : नाही. रेड-१ मध्ये दोन्ही डिस्कवर तंतोतंत तेच लिहिलं जातं, त्यामुळे एक गेली तरी काम थांबत नाही. पण तू चुकून फाइल पुसलीस तर ती दोन्हींवरून एकाच क्षणी जाते. व्हायरस, चोरी, आग, विजेचा झटका, यांतलं काहीही आलं तर दोन्ही एकाच डब्यात असतात. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला एक नियम तुझ्या धंद्यातलाच आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत घराबाहेर. तुझ्यासाठी त्याचा अर्थ असा, की एक प्रत पीसीत, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी वर्ध्याला माझ्या घरी किंवा क्लाउडवर. आणि अधूनमधून बॅकअपमधली एखादी फाइल खरोखर उघडून बघ. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबू नये.

भाचा : तर मावशी, शेवटी मी घेऊ काय?

मावशी : क्रमाने सांगते. आधी टास्क मॅनेजरमध्ये मोज, की तुझं काम डिस्कवर अडतंय की प्रोसेसरवर. प्रोसेसरवर अडत असेल तर प्रॉक्सी वापर आणि डिस्कचा विचार सोड. डिस्कवर अडत असेल आणि बोर्डात एम.२ खाच असेल, तर एक चांगली, मोठी एनव्हीएमई घे. खाच नसेल, तर दोन साटा एसएसडी रेड-० मध्ये जोड, पण त्यांवर कॅशे आणि रेंडरच ठेव. आणि यातलं काहीही करण्याआधी त्या मुलाखतींच्या तीन प्रती कर. वेगवान डिस्क पुढच्या महिन्यातही मिळेल. बॅकअपची हार्ड डिस्क याच आठवड्यात घे.